विनंतीवरून बदली

आमच्या घरातल्या बायका गोष्टी सांगण्यात पटाईत. दुष्काळ, प्लेग, संप, लग्नं, भाऊबंदकी, सगळं तपशिलात. पण एक विषय आला की वाक्यं आखूड व्हायची. ‘तो माणूस बरा नव्हता.’ ‘त्याच्या हाताखाली बाई टिकत नसे.’ ‘मग तिनं ते काम सोडलं.’ पुढचं ऐकणाऱ्या पोरींनी समजून घ्यायचं.

आजी गिरणीत होती, मावशी नर्स, आत्या सरकारी कचेरीत टायपिस्ट. तिघींच्या नोकऱ्या एकीपुढे एक मांडल्या तर १९३०च्या दशकापासून १९९०पर्यंतचा काळ भरून निघतो. एवढ्या काळात कामाच्या जागी बाईशी कुणी लगट केली, तर दाद कुठे मागायची हे सांगणारा वेगळा कायदा देशात नव्हता. आज मी कंपन्यांच्या आणि संस्थांच्या अंतर्गत समित्यांवर बाहेरची सदस्य म्हणून बसते. समोर कायद्याचं पुस्तक असतं, पण तक्रार वाचताना आठवतात त्या तिघींची आखूड वाक्यं.

आजी मूळची साताऱ्याकडची, लग्नानंतर लालबागला आली आणि वायंडिंग खात्यात लागली. सूत एका बॉबिनीवरून दुसरीवर गुंडाळायचं, तुटलं की गाठ मारायची, दिवसभर उभ्यानं. १९२०च्या दशकात मुंबईच्या गिरण्यांत साधारण पाचातली एक कामगार बाई असे, आणि त्यातल्या बहुतेक जणी वायंडिंग आणि रीलिंग या दोन खात्यांत. बायकांवर नायकीण आणि तिच्यावर जॉबर. कामावर घ्यायचं त्यानं, काढायचं त्यानं, नीट चालणारं मशीन कुणाला आणि सारखं सूत तोडणारं कुणाला हेही त्यानंच ठरवायचं. बदली कामगारांनी सकाळी दारात उभं राहायचं आणि त्यानं बोट दाखवलं तर आत जायचं. या सगळ्यासाठी त्याला दस्तुरी, म्हणजे चिरीमिरी, द्यावी लागे. १९३१ साली व्हिटली आयोगाचा अहवाल आला, त्यात या दस्तुरीची आणि जॉबरच्या मनमानीची नोंद आहे. कामावर घेण्या-काढण्याचा अधिकार त्याच्याकडून काढून लेबर ऑफिसरकडे द्यावा, अशी शिफारसही आहे.

आयोगानं लिहिली ती पैशांची दस्तुरी. आजी म्हणायची, ‘‘पैसं दिऊन सुटणाऱ्या सुटल्या गं. समद्यांना पैशावर कुठं सोडायचा त्यो?’’ एवढं म्हणून ती मिसरी लावायला उठायची.

तिच्या जोडीदारणीची हकिगत मात्र तिनं एकदा पुरी सांगितली. त्या बाईचा नवरा अंथरुणाला खिळलेला, घरात खाणारी तोंडं चार. जॉबर तिला रोज दारात सगळ्यांत शेवटी ठेवायचा आणि आत घेतलं की कोठाराच्या बाजूचं मशीन द्यायचा. तिथे उजेड कमी आणि येणं-जाणंही नाही. एक दिवस ती रडत नायकिणीकडे गेली. नायकिणीनं विचारलं, ‘‘एवढ्या बाया हायेत, तुलाच बरं तरास होतो?’’ पंधरवड्याचा पगार घेऊन ती दुसऱ्या गिरणीच्या दारात बदली म्हणून उभी राहिली. चार वर्षांची नोकरी गेली. जॉबर म्हातारा होईपर्यंत त्याच खात्यात होता.

त्यानंतर वायंडिंगच्या बायकांनी आपला आपण बंदोबस्त केला. नळावर एकटीनं जायचं नाही, चौघी-पाच जणी मिळून जायचं. नवी पोरगी आली की पहिल्याच दिवशी तिच्या कानावर घालायचं: कोठाराच्या बाजूचं मशीन घेऊ नकोस, दिलं तर पोटात दुखतंय म्हण. आजी लाल बावट्याच्या सभांना जायची. उषाताई डांगे आणि पार्वतीबाई भोर यांना तिनं ऐकलं होतं. पगार, महागाई भत्ता, पाळणाघर, या मागण्या तिला म्हातारपणीही पाठ होत्या. जॉबरच्या हाताबद्दल मागणीपत्रात काही असल्याचं तिला आठवत नव्हतं.

कायदे झाले नाहीत असं नाही. १९२९ साली मुंबई इलाख्यात बाळंतपणाच्या हक्काचा कायदा झाला. १९४८च्या कारखाने कायद्यानं बायकांसाठी वेगळी शौचालयं सांगितली, पाळणाघर सांगितलं आणि बाईनं सकाळी सहा ते संध्याकाळी सात याच वेळेत काम करावं असंही सांगितलं. तिच्या भल्यासाठी म्हणून तिला रात्रीतून बाहेर काढलं. गिरण्या दोन-तीन पाळ्यांत चालू लागल्या तशी रात्रपाळीला न चालणारी बाई मालकाला अडचणीची वाटू लागली. नवी यंत्रं आली, खाती आकसली. बायका कमी होत गेल्या, जॉबर राहिले.

मावशीची पिढी शिकलेली. तिला वाटायचं, पांढरा गणवेश म्हणजे कवच. मुंबईतल्या एका सार्वजनिक रुग्णालयात ती नुकती लागली होती, तेव्हा केईएम रुग्णालयातली ती बातमी आली. २७ नोव्हेंबर १९७३. ड्यूटी संपवून तळघरात कपडे बदलायला गेलेल्या अरुणा शानबाग या तरुण नर्सवर तिथल्याच एका सफाई कामगारानं कुत्र्याच्या साखळीनं गळा आवळून अत्याचार केला. ती वाचली, पण मेंदूला झालेली इजा कायमची. न्यायालयात त्याच्यावर खुनी हल्ला आणि चोरी एवढंच शाबीत झालं, शिक्षा सात वर्षं. लैंगिक अत्याचाराचं कलम लागलंच नाही. तो सुटून गेला. अरुणा १८ मे २०१५ला मृत्यू येईपर्यंत केईएममध्येच होती आणि नर्सच्या किती तरी तुकड्यांनी तिला घरच्या माणसासारखं सांभाळलं.

हे सगळं वर्तमानपत्रांत आलेलं आहे. मावशी सांगायची ते त्यानंतरचं. तिच्या रुग्णालयात तोंडी फर्मान निघालं: नर्सनी एकटीनं तळमजल्यावर जायचं नाही, कपडे वॉर्डातच बदलायचे, रात्री जिन्यानं जाताना सोबत घ्यायची. ‘‘दिवा कुणी लावला नाही हो,’’ मावशी म्हणायची. ‘‘कडी बसवली नाही, पहारेकरी ठेवला नाही. आम्हालाच सांगितलं, तुम्ही जाऊ नका.’’ लालबागच्या बायकांनी नळावर घोळक्यानं जायचं ठरवलं होतं, इथे तेच प्रशासनानं ठरवून दिलं, एवढाच चाळीस वर्षांतला फरक.

८ मार्च १९८०च्या मोर्चाला मावशी ड्यूटी संपवून गेली होती. मथुरा हे नाव तेव्हा तिनं पहिल्यांदा ऐकलं. १९७२मध्ये तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यातल्या देसाईगंज पोलीस ठाण्यात या आदिवासी मुलीवर पोलिसांनी अत्याचार केला होता. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं शिक्षा दिली, सर्वोच्च न्यायालयानं आरोपींना सोडलं. अंगावर जखमा नाहीत, आरडाओरडा नाही, म्हणजे तिची संमती होती, असा निष्कर्ष. १९७९च्या सप्टेंबरात उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, रघुनाथ केळकर आणि वसुधा धागमवार या चार कायदेपंडितांनी सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहून या निष्कर्षाची चिरफाड केली. त्यातून देशभर मोर्चे निघाले आणि १९८३ साली फौजदारी कायदा बदलला. पोलीस, तुरुंगाधिकारी, रुग्णालयातले लोक अशा, ज्यांच्या ताब्यात बाई असते त्यांच्यासाठी वेगळी कलमं आली. ज्याच्या हातात अधिकार आहे त्याच्यापुढे बाई गप्प राहिली तर ती राजी होती असं धरून चालणार नाही, हे कायद्यानं पहिल्यांदा मान्य केलं. कचेरीतला साहेब मात्र त्या ओळीत बसला नाही.

तो साहेब आत्याच्या वाट्याला आला.

आत्या शॉर्टहँड-टायपिंगच्या परीक्षा पास होऊन सरकारी कचेरीत लागली. तिथला एक अधिकारी नेमका साडेपाचला डिक्टेशन द्यायला बोलवायचा. बाकीची कचेरी डबे आवरून लोकल पकडायला निघालेली असायची आणि हिनं वही-पेन्सिल घेऊन आत जायचं. आधी कौतुक, मग खुर्ची जवळ घे, मग चहा, मग खांद्यावर हात. आत्यानं मंगळसूत्र ब्लाउजबाहेर काढून ठेवायला सुरुवात केली. बोलण्यात मुद्दाम नवऱ्याचं नाव आणायची. एक दिवस तर शिपायाला दोन रुपये देऊन सांगितलं, ‘‘दर पाच मिनिटांनी काहीतरी कागद घेऊन आत या.’’ शिपाई बिचारा जुन्या फायली घेऊन येत राहिला. त्या वर्षीच्या गोपनीय अहवालात साहेबानं शेरा मारला: कामात सहकार्य कमी.

पोलिसांत जायचं तर १८६०च्या दंडसंहितेतलं ३५४ कलम होतं, विनयभंगाचं, आणि शब्द किंवा हावभाव असेल तर ५०९. पण पोलीस ठाण्यात जाऊन काय सांगणार? साक्षीदार कोण, फायली आणणारा शिपाई? शेवटी आत्यानं बदलीचा अर्ज केला. कारण लिहिलं: घरगुती अडचण.

निवृत्तीनंतर तिनं तिचं सेवापुस्तक मला दाखवलं. खाकी पुठ्ठा, सुटत आलेली शिवण, निळ्या शाईतल्या नोंदी. तिनं पान काढून बोट ठेवलं. ‘स्वतःच्या विनंतीवरून बदली.’ म्हणजे बदलीचा प्रवासभत्ता नाही आणि नव्या ठिकाणी ज्येष्ठतायादीत तळाला. तिच्याबरोबर लागलेल्या बायका तिच्याआधी वर गेल्या. ‘‘विनंती माझी बरं का,’’ ती हसून म्हणाली, ‘‘सरकारी कागद खोटं बोलत नाही.’’

त्याच सुमारास, १९८८मध्ये, चंडीगडला एका समारंभात पंजाबचे पोलीस महासंचालक के. पी. एस. गिल यांनी रूपन देओल बजाज या आयएएस अधिकारी बाईंशी गैरवर्तन केलं. उच्च न्यायालयानं प्रकरण किरकोळ ठरवून तक्रार काढून टाकली. बाई सर्वोच्च न्यायालयात गेल्या. खटला चालायलाच हवा, हा निर्णय १९९५ला आला आणि पुढच्या वर्षी गिल दोषी ठरले. आत्या पेपर वाचताना म्हणाली, ‘‘आयएएस बाईला सात वर्षं लागली हे किरकोळ नाही एवढं ठरवून घ्यायला. मी तर टायपिस्ट.’’ तेव्हापासून असली कुठलीही बातमी आली की तिचा प्रश्न ठरलेला: ‘‘ते सगळं ठीक. बदली कुणाची झाली?’’

या प्रश्नाचं उत्तर ज्या निकालात सापडायला लागतं, त्याच्यामागे राजस्थानातली एक कुंभारीण आहे. भटेरी गावच्या भंवरीदेवी सरकारच्या महिला विकास कार्यक्रमात ‘साथीन’ होत्या, मानधन तुटपुंजं. १९९२च्या मे महिन्यात त्यांनी एका तान्ह्या मुलीचं लग्न थांबवायचा प्रयत्न केला. ते त्यांचं कामच होतं. २२ सप्टेंबरला गावातल्या उच्चजातीय पुरुषांनी नवऱ्यासमोर त्यांच्यावर सामूहिक बलात्कार केला. १९९५मध्ये जयपूरच्या सत्र न्यायालयानं आरोपींना बलात्काराच्या आरोपातून सोडलं. भंवरीदेवींनी गाव सोडलं नाही. बहिष्कार सोसला, पण घर तिथेच ठेवलं.

त्यांच्या बाजूनं उभ्या राहिलेल्या ‘विशाखा’ आणि इतर संघटनांनी सर्वोच्च न्यायालयात वेगळाच प्रश्न नेला. सरकारचं काम केलं म्हणून या बाईवर अत्याचार झाला, मग तिला काम देणाऱ्याची जबाबदारी काय? १३ ऑगस्ट १९९७ला, स्वातंत्र्याच्या पन्नाशीला दोन दिवस असताना, सरन्यायाधीश जे. एस. वर्मा, न्या. सुजाता मनोहर आणि न्या. बी. एन. किरपाल यांनी निकाल दिला. सुजाता मनोहर मुंबई उच्च न्यायालयाच्या पहिल्या महिला न्यायाधीश. संसदेनं कायदा करेपर्यंत न्यायालयाची मार्गदर्शक तत्त्वं हाच कायदा, असं निकालानं सांगितलं. कामाच्या जागी बाईचा छळ होऊ न देणं मालकाचं कर्तव्य. प्रत्येक ठिकाणी तक्रार समिती, अध्यक्ष बाई, निम्म्याहून कमी बायका नाहीत आणि वरून दबाव येऊ नये म्हणून एक सदस्य बाहेरची. लालबागच्या नळावरचा घोळका, रुग्णालयातली सोबत, आत्याचं मंगळसूत्र, हे सगळं बाईनं स्वतःच्या खर्चानं केलेलं संरक्षण होतं. विशाखा निकालानं तो खर्च मालकाच्या नावे टाकला. दीड वर्षानं, १९९९मध्ये, वस्त्रनिर्यात परिषदेतल्या एका अधिकाऱ्याच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं पुढचं पाऊल टाकलं: प्रत्यक्ष स्पर्श झालाच पाहिजे अशी अट नाही.

निकाल लागला, समित्या मात्र लागेनात. पुण्याच्या ‘आलोचना’ संस्थेच्या मेधा कोतवाल लेले यांनी न्यायालयाला पत्र लिहिलं आणि त्याचीच याचिका झाली. त्यातून २००४मध्ये न्यायालयानं सांगितलं की तक्रार समितीचा अहवाल हाच शिस्तभंगाच्या चौकशीचा अहवाल मानावा, बाईला तीच कहाणी दुसऱ्यांदा सांगायला लावू नये. २०१२च्या ऑक्टोबरात अंतिम निकाल आला तेव्हाही अनेक राज्यांनी विशाखा धड अमलात आणलं नव्हतं. कायदा झाला २०१३मध्ये, लागू झाला ९ डिसेंबरला. विशाखानंतर सोळा वर्षांनी.

दहा किंवा जास्त माणसं असतील तिथे अंतर्गत समिती. घटनेपासून तीन महिन्यांत लेखी तक्रार, कारण असेल तर आणखी तीन महिने. बाईला लिहिता येत नसेल तर लिहून देण्याची जबाबदारी समितीची. चौकशी नव्वद दिवसांत. तडजोड करायची तर बाईनं मागितली तरच आणि पैसे देऊन मिटवायचं नाही. समितीच न नेमणाऱ्या मालकाला पन्नास हजारांपर्यंत दंड. तक्रार शाबीत झाली नाही म्हणजे ती खोटी, असं धरायचं नाही. हे शेवटचं मी प्रत्येक प्रशिक्षणात दोनदा सांगते, कारण प्रश्न नेहमी तिथूनच येतात.

पण मला सगळ्यांत जवळचं आहे ते बारावं कलम. चौकशी चालू असताना तक्रारदार बाईनं लेखी मागणी केली तर समिती तिची किंवा ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे त्याची बदली सुचवू शकते, तिच्या हक्काच्या रजेखेरीज तीन महिन्यांपर्यंत रजाही सुचवू शकते. नियमांत आणखी एक आहे: तिच्या कामाचा गोपनीय अहवाल लिहिण्याचा अधिकार त्याच्याकडून काढून दुसऱ्याकडे देता येतो. ही ओळ पहिल्यांदा वाचली तेव्हा आत्याचा तो शेरा डोळ्यांपुढे आला.

एका चौकशीतलं सांगते. कुणाचं, कुठलं हे सांगायला कायद्यानं बंदी आहे आणि ती योग्यच आहे. हिशेब विभागातली बाई, तक्रार विभागप्रमुखावर. पहिल्याच बैठकीत मनुष्यबळ खात्याचे गृहस्थ अतिशय नम्रपणे म्हणाले, ‘‘मॅडमना दुसऱ्या शाखेत हलवूया. त्यांच्याच सोयीसाठी. तिथे एसी आहे, घरापासूनही जवळ.’’ अर्जाचा मसुदा त्यांनी टाइप करून आणला होता, सहीची जागा रिकामी. त्यातले शब्द: माझ्या विनंतीवरून. बाईनं कागद वाचला, उलटा करून टेबलावर ठेवला आणि म्हणाली, ‘‘मार्चअखेर आहे. माझं टेबल मी का सोडू?’’ तिला मी बारावं कलम वाचून दाखवलं, ‘किंवा’ या शब्दाच्या दोन्ही बाजूंसकट. तिनं स्वतःच्या अक्षरात दुसरा अर्ज लिहिला. चौकशी संपेपर्यंत विभागप्रमुख दुसऱ्या मजल्यावर बसले.

सगळीकडे असं होत नाही. घाईही होते. गोव्यातल्या विद्यापीठाच्या एका प्रकरणात समितीनं शेवटच्या सुनावण्या इतक्या भराभर उरकल्या, की मे २०२३मध्ये सर्वोच्च न्यायालयाला ती कारवाई रद्द करून चौकशी नव्यानं करायला सांगावी लागली. ज्याच्यावर आरोप आहे त्यालाही नीट म्हणणं मांडू दिलं नाही, तर नुकसान शेवटी तक्रारदाराचंच होतं. कित्येक वर्षांनंतर तिला पुन्हा पहिल्यापासून सांगायला लागतं. त्याच निकालात न्यायालयानं समित्या आहेत की नाहीत याची झाडाझडती घ्यायला सांगितली आणि पुढे डिसेंबर २०२४मध्ये प्रत्येक जिल्ह्यात स्थानिक समिती नेमण्यासाठी मुदती घालून दिल्या. कायदा होऊन अकरा वर्षं झाली होती.

स्थानिक समिती म्हणजे जिथे दहा माणसं नाहीत, किंवा मालकच छळतो, त्या बायकांसाठी. घरकाम करणारी बाई, छोट्या दुकानातली सेल्सगर्ल, वीटभट्टीवरची, ऊसतोडीची. गिरणीतला जॉबर गेला, फडातला मुकादम आहे. बीडकडच्या मजुरांना नवरा-बायकोचा मिळून एक कोयता धरून उचल दिली जाते, तेव्हा बाईला दुसऱ्या फडात जातो असं म्हणताही येत नाही. उचल फिटेपर्यंत तिची सुटका नाही. कारखान्याच्या आवारात खोपीत राहणाऱ्या या बाईला तिच्या जिल्ह्यातली समिती जवळची की जिथे ऊस तोडते तिथली, हे तिला सांगणारं कुणी नसतं. कायद्यानं तालुक्यात तक्रार घेणारा नोडल अधिकारी सांगितला आहे. मी फडावर विचारलं तेव्हा बायकांना मुकादमाचा फोन नंबर पाठ होता.

दर वर्षी प्रत्येक समितीनं अहवाल द्यायचा असतो. तक्रारी किती आल्या, किती निकाली निघाल्या, नव्वद दिवसांवर किती रखडल्या, किती कार्यशाळा घेतल्या, काय कारवाई केली. पाच रकाने. बहुतेक ठिकाणी पहिल्या रकान्यात शून्य लिहून बाकीचे आपोआप भरले जातात आणि शून्य हे चांगल्या कामाचं प्रमाणपत्र समजलं जातं. आजीच्या खात्यानं असा अहवाल भरला असता तर तिथेही शून्यच आलं असतं. जोडीदारीण तर स्वतःहून काम सोडून गेली होती.

म्हणून माझी मागणी साधी आहे. त्या तक्त्यात सहावा रकाना घाला: तक्रार करणारी बाई एका वर्षानंतर कुठे काम करते आहे? त्याच टेबलावर, दुसऱ्या शाखेत, की नोकरी सोडून? सोडली असेल तर राजीनाम्यात कारण काय लिहिलं? नाव लिहायचं नाही, फक्त जागा. हा रकाना पाच वर्षं प्रामाणिकपणे भरला तर कुठल्या समित्या काम करतात आणि कुठल्या नुसत्या फलकावर आहेत, हे कळायला न्यायालयाला नव्यानं झाडाझडती घ्यावी लागणार नाही.